स्ट्रीक, बॅज आणि लीडरबोर्ड : वापरकर्ता परत येतो, पण कशासाठी?

अर्धविराम

परदेशातल्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेसाठी आम्ही काही पालक मिळून सरावाचे एक छोटे ॲप तयार करीत आहोत. मुले आठवड्यातून एकदाच वर्गात येतात आणि मधले सहा दिवस मराठी अक्षर त्यांच्या नजरेसही पडत नाही; ती उणीव थोडीफार भरून निघावी, इतकाच हेतू आहे. धडे, ध्वनिमुद्रणे आणि शब्दांचे सराव बऱ्यापैकी तयार आहेत. गाडी अडली आहे ती गेमिफिकेशनपाशी. निम्म्या पालकांचे म्हणणे असे, की सलग दिवसांची स्ट्रीक, बॅज आणि लीडरबोर्ड (गुणांनुसार नावांची क्रमवारी) नसतील तर मुले दुसऱ्या दिवशी ॲप उघडणारच नाहीत. उरलेल्यांचे म्हणणे असे, की या गोष्टी घातल्या तर मुले ॲप उघडतील, मात्र मराठीसाठी उघडणार नाहीत. येथे सॉफ्टवेअर क्षेत्रातली आणि अध्यापनातली बरीच मंडळी आहेत, म्हणून हा धागा काढते आहे. माझे वाचन आणि माझे मत आधी मांडते, मग आपण सर्वांनी त्यावर बोलावे.

गेमिफिकेशनची नेहमी उद्धृत होणारी व्याख्या सेबास्टियन डेटरडिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली केली : खेळ नसलेल्या ठिकाणी खेळाच्या रचनेतले घटक वापरणे. गुण, पातळ्या, बॅज, क्रमवारी हे सारे या व्याख्येत बसते. पण हे खेळातून सुटे काढलेले भाग आहेत, आणि मुळात तो खेळ खेळावासा का वाटत होता याचे उत्तर त्या भागांबरोबर आपोआप येत नाही. या दुसऱ्या प्रश्नासाठी एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्णयाच्या सिद्धांताकडे वळावे लागते. माणूस एखादी गोष्ट आपणहून करत राहतो तेव्हा आपण ती आपल्या मर्जीने करतो आहोत, ती आपल्याला जमू लागली आहे आणि तिच्यामुळे आपण कोणाशी तरी जोडलेले आहोत, या तीन गोष्टी त्याला जाणवत असतात, असे हा सिद्धांत सांगतो. याच दोघांनी रिचर्ड कोस्टनर यांच्यासह १९९९ साली १२८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. आधी कबूल केलेले, हातात पडणारे बक्षीस मुळातल्या आवडीला मारक ठरते, असा त्याचा सर्वसाधारण निष्कर्ष होता.

मुलांच्या बाबतीतला जुना आणि अजूनही डोळे उघडणारा प्रयोग लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली प्रसिद्ध केला. स्टॅनफर्डच्या आवारातल्या बालवाडीत ज्या मुलांना स्केचपेनने चित्रे काढायला मनापासून आवडत होते, त्यांचे तीन गट केले गेले. पहिल्या गटाला चित्र काढण्यापूर्वीच सांगितले, की सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला तेच प्रमाणपत्र चित्र काढून झाल्यावर अचानक दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच स्केचपेन मोकळ्या वेळात समोर ठेवले, तेव्हा पहिल्या गटातली मुले इतर दोन गटांच्या मानाने जवळपास निम्माच वेळ चित्रे काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र उणावली नव्हती.

आमच्या चाचणी आवृत्तीत प्रत्येक सरावाला दहा गुण आहेत. आठ वर्षांचा एक मुलगा ती वापरत असताना मी शेजारी बसले होते. त्याने जोडाक्षरांचा सराव उघडला, 'ज्ञ' आणि 'त्र' पाहिले, मागे आला, आणि 'क'ची जोडी कमळाच्या चित्राशी लावण्याचा पहिलाच सराव पुन्हा पुन्हा सोडवू लागला. काही वेळाने त्याची नजर चित्राकडे राहिलीच नाही. ती वरच्या कोपऱ्यातल्या गुणांवर होती आणि अंगठा आपला ठरलेल्या जागी पडत होता. त्याचा हिशेब चोख होता. अवघड सरावाला दहा आणि सोप्यालाही दहाच, तर अवघड कोण करील?

माझे मत असे, की वापरकर्ता रोज परत येतो एवढ्यावरून रचना साधली असे मानता येत नाही. स्ट्रीक किंवा गुणांसारखी खूण तुटल्यावर किंवा काढून घेतल्यावरही तो परत येतो का, हे पाहिल्याशिवाय आपण नेमकी कोणती सवय लावली ते कळत नाही. तरीही गेमिफिकेशन सरसकट नाकारावे, असे मला वाटत नाही. कोणता घटक कोणावर कसा परिणाम करतो, स्ट्रीक ठेवायची तर कशी ठेवावी, आणि लीडरबोर्ड मुलांच्या हाती द्यावा का, यावर अनुभव आणि मते वाचायला आवडतील.

यंत्रगावकर

खूण काढून घेतल्यावर काय होते, याचा एक मोठा प्रयोग आमच्याच धंद्यात होऊन गेला आहे. गिटहब या, प्रोग्रामर आपले काम ठेवतात त्या संकेतस्थळावर प्रत्येकाच्या प्रोफाइलला वर्षभराच्या दिवसांचे चौकोन असतात. ज्या दिवशी काम नोंदवले तो चौकोन हिरवा होतो आणि काम जितके जास्त तितका तो गडद होतो. मे २०१६ पर्यंत या चौकोनांखाली आणखी दोन आकडे असत : आजवरची सर्वांत लांब स्ट्रीक आणि सध्या चालू असलेली स्ट्रीक. त्या महिन्यात गिटहबने हे आकडे एकाएकी काढून टाकले, मात्र हिरवे चौकोन जागच्या जागी ठेवले. संशोधकांच्या दृष्टीने ही पर्वणीच होती, कारण माणसे तीच, काम तेच, साधन तेच आणि फरक फक्त एका आकड्याचा.

मोल्डन, स्ट्रोमायर आणि वाक्स यांनी २०२१ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आकडा दिसेनासा झाल्यावर लांबच्या स्ट्रीक सोडून दिल्या गेल्या, शनिवार-रविवारचे काम आठवड्यातल्या इतर दिवसांच्या तुलनेत घटले, आणि ज्या दिवशी केवळ एकच नोंद झाली आहे असे दिवसही कमी झाले. यातला शेवटचा मुद्दा सर्वांत बोलका आहे. दिवसभरात एकच नोंद, हे बहुधा दिवस वाया जाऊ नये म्हणून केलेल्या कामाचे लक्षण असते. त्या काळात माझ्या ओळखीतले काही जण रात्री साडेअकराला लॅपटॉप उघडून रीडमी या माहितीच्या फाइलमधला एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे करीत आणि कमिट, म्हणजे बदलाची नोंद, ढकलून झोपी जात. मागच्या तारखांचे कमिट आपोआप घालून हिरव्या चौकोनांतून अक्षरे आणि चित्रे उमटवणारी साधनेही निघाली होती, तो तर निव्वळ टवाळखोरपणा होता, पण मोजमापाची किंमत काय हे त्यातून छान कळत होते.

या अभ्यासावरून स्ट्रीकमुळे सॉफ्टवेअरचा दर्जा घसरत होता, असा अर्थ काढू नये; तो दावा त्यात नाही. त्यातून एवढेच दिसते, की हजारो प्रौढ, शिकलेल्या, स्वतःला स्वतंत्र विचारांची म्हणवणाऱ्या माणसांची सुट्टी कधी असावी, यात प्रोफाइलवरच्या एका छोट्या आकड्याचा हात होता. आठ वर्षांच्या मुलाने 'क'-'कमळ' घोटले, तर त्याला दोष कसा द्यावा?

जुईली

मी थोडी उलट बाजू मांडते. मी जर्मनीत राहते आणि ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपवर बराच काळ जर्मन शिकते आहे. दिवसभर काम करून घरी आल्यावर व्याकरणाचे पुस्तक उघडण्याची इच्छा कोणालाच नसते, तेव्हा 'निदान एक धडा तरी' या भावनेने ॲप उघडले जाते आणि एकदा उघडले की एकावर सहसा थांबणे होत नाही. म्हणजे स्ट्रीकचे काम दारापर्यंत आणण्याचे आहे आणि ते काम ती चोख करते. मुळात इच्छा असलेल्या, पण आळस आड येणाऱ्या माणसाला असा आधार लागतो. लेपर यांच्या प्रयोगातल्या मुलांना चित्रकला आधीच आवडत होती, हे अर्धविराम यांनीच लिहिले आहे. जर्मन विशेषणांचे प्रत्यय कोणाला आधीपासून आवडत असतात, असा माझा तरी अनुभव नाही.

स्ट्रीक कशी बांधली आहे, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. एखादा दिवस चुकला तरी आकडा सांभाळणारे 'स्ट्रीक फ्रीझ' तेथे आहे. दिवसाचे उद्दिष्ट पूर्ण झाले नाही तरी एका धड्याने स्ट्रीक टिकते, म्हणजे उद्दिष्ट आणि स्ट्रीक वेगवेगळी ठेवली आहेत. ही सवलत नसती, तर पहिल्याच आजारपणात मी ॲप काढून टाकले असते.

तेथल्या लीगबद्दल, म्हणजे आठवड्याच्या गुणांवरून लागणाऱ्या क्रमवारीबद्दल, मात्र माझे मत चांगले नाही. ड्युओलिंगोच्या तत्कालीन उत्पादनप्रमुखांनी या घडामोडींवर पुढे सविस्तर लिहिले आहे. त्यांनी आधी 'गार्डनस्केप्स' या खेळातल्या मोजक्या चालींची कल्पना उचलून पाहिली होती आणि ती साफ फसली, कारण त्या खेळात पुढची चाल कोणती हे विचारपूर्वक ठरवावे लागते, तर भाषेच्या धड्यात समोरचा प्रश्न सोडवायचा एवढेच असते. नंतर 'फार्मव्हिल २' या खेळावरून सुचलेल्या साप्ताहिक लीग आणल्या, आणि त्यांनी वापर चांगलाच वाढवला. पण वाढला तो कोणता वापर? आठवडा संपायच्या शेवटच्या तासांत वरच्या लीगमध्ये जाण्यासाठी मी दुप्पट एक्सपीची (तेथल्या गुणांची) मुदत चालू करून 'मी पाणी पितो, ती दूध पिते' छापाचे धडे झपाट्याने सोडवत असे, आणि अवघड कथा त्या वेळी हमखास टाळत असे. जर्मनच्या बी-वन पातळीच्या परीक्षेत पत्र लिहायला बसल्यावर त्या एक्सपीचा उपयोग शून्य होता. शेवटी मी प्रोफाइल खासगी केले, म्हणजे लीगमधून नाव आपोआप निघते. स्ट्रीक तेवढी ठेवली आहे. थोडक्यात, आठ वर्षांचा मुलगा आणि मी एकाच माळेचे मणी आहोत.

तिसरा_डोळा

धाग्यात एक गृहीतक सर्वांनीच निमूट मान्य केलेले दिसते, की वापर टिकला तर त्याचे श्रेय किंवा दोष गेमिफिकेशनचा असतो. मला ते पटत नाही. २०१९ च्या दिवाळीत गूगल पेने पणती, फूल, झुमका, कंदील आणि रांगोळी असे पाच स्टॅम्प गोळा करण्याची मोहीम काढली होती. पाचही जमले की २५१ रुपये मिळत. चार स्टॅम्प सगळ्यांकडे आणि रांगोळी कोणाकडेच नाही, अशी अवस्था होऊन नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फराळाच्या फोटोंपेक्षा 'रांगोळी आहे का कोणाकडे?' हीच विचारणा अधिक दिसत होती. मोहीम म्हणून ती नामी होती, यात वाद नाही. पण आज आपण भाजीवाल्याला मोबाइलवरून पैसे देतो ते त्या रांगोळीमुळे देत नाही. त्याच्या गाडीवर क्यूआर कोड लागलेला आहे, सुट्ट्यांची कटकट वाचते आणि यूपीआयला वेगळे शुल्क पडत नाही, म्हणून देतो. स्क्रॅचकार्डावर 'बेटर लक नेक्स्ट टाइम' येऊ लागल्यावरही कोणी यूपीआय सोडले नाही.

याच्या उलट उदाहरण फोरस्क्वेअरचे. २००९ साली आलेल्या या ॲपवर एखाद्या ठिकाणी गेल्याची नोंद करायची, बॅज मिळवायचे आणि मागच्या ६० दिवसांत तेथे सर्वाधिक दिवस नोंद करणाऱ्याने त्या जागेचा 'मेयर' व्हायचे, अशी रचना होती. सुरुवातीला तिचा बोलबाला झाला. पण एखाद्या कॅफेचा मेयर तेथेच रोज बसणारा असेल, तर इतरांना आशाच उरत नाही, आणि मेयर होऊन हाती लागते तरी काय? २०१४ साली कंपनीने नोंदींचा हा सारा भाग 'स्वार्म' नावाच्या वेगळ्या ॲपमध्ये हलवला आणि मेयरची स्पर्धा मित्रांपुरती केली; लोक नाराज झाले, म्हणून पुढच्या वर्षी ती जुन्या रूपात परत आणावी लागली. तोवर जागा शोधायला लोक इतर साधनांकडे वळले होते.

तेव्हा अर्धविराम यांच्या गटाने आधी हे पाहावे, की मुलाला त्या ॲपमधून गुणांखेरीज काय मिळते. ते काहीच नसेल, तर स्ट्रीक ठेवा किंवा काढा, फरक पडणार नाही.

अर्धविराम

तिसरा_डोळा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आमच्याकडे अर्धेच आहे. सध्या मुलाला मिळते ती मुख्यतः आईवडिलांची शाबासकी. घराबाहेर मराठी वापरण्याचा प्रसंगच येत नसेल, तर जमू लागल्याचा आनंद त्याने कोठे अनुभवावा, हे आम्हाला सुचलेले नाही. जुईली, उद्दिष्ट आणि स्ट्रीक वेगळी ठेवण्याचा मुद्दा आमच्या चर्चेत आलाच नव्हता. त्याची नोंद घेतली आहे.

पाटीपेन्सिल

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे ॲपबद्दल नाही, पण मुलांच्या क्रमवारीबद्दल बोलू शकतो. वर्गाच्या भिंतीवर नावांचा तक्ता लावून त्यावर चांदण्या चिकटवण्याची पद्धत कित्येक शाळांत आहे. पहिल्या पाच मुलांचा हुरूप त्याने वाढतो. मधली मुले महिनाभर पाहतात आणि सोडून देतात. शेवटची मुले त्या भिंतीकडे पाठ करून बसू लागतात, आणि ज्यांना सरावाची सर्वाधिक गरज असते ती नेमकी हीच मुले. लीडरबोर्ड हा त्या तक्त्याचाच अवतार आहे. फरक इतकाच, की तक्ता शाळा सुटल्यावर शाळेतच राहतो आणि लीडरबोर्ड मुलाच्या खिशातून घरी येतो.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरही काही वेगळे घडत नाही. मायकेल हॅनस आणि जेसी फॉक्स यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच विषयाचे दोन वर्ग होते. एका वर्गात सत्रभर बॅज आणि लीडरबोर्ड होते, दुसऱ्यात नव्हते. सोळा आठवड्यांत बॅज असलेल्या वर्गाची प्रेरणा आणि समाधान दुसऱ्या वर्गाच्या मानाने घसरत गेले आणि त्या ओघात अंतिम परीक्षेतले गुणही कमी पडले. मला यात सोळा आठवडे ही गोष्ट महत्त्वाची वाटते. नवे खेळणे पहिला पंधरवडा सर्वांनाच आवडते. ज्या चाचण्या पंधरवड्यात संपतात, त्यांचे निकाल म्हणूनच गोड येतात.

आता तिसरा_डोळा यांच्या प्रश्नाकडे येतो. बॅज कोण देतो, यावर त्याचे मोल ठरते, असे मला वाटते. इंग्रजी विकिपीडियावर संपादक एकमेकांच्या चांगल्या कामाबद्दल 'बार्नस्टार' नावाचे चिन्ह देतात. त्यामागे पैसे नाहीत आणि कोणती ठरलेली गुणसंख्याही नाही. रेस्टिव्हो आणि व्हॅन डी राइट या संशोधकांनी २०१२ साली सर्वाधिक काम करणाऱ्या एक टक्का संपादकांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे काही जण निवडले आणि त्यांना असे तारे दिले. ज्यांना ते मिळाले त्यांचे काम पुढच्या तीन महिन्यांत, न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे ६० टक्के अधिक राहिले. बक्षीस अनपेक्षित होते आणि ते माणसाने माणसाला दिलेले दिसत होते. लेपर यांच्या दुसऱ्या गटाशी हे जुळते.

तुमच्या ॲपमध्ये मुलाने वाचलेला उतारा ध्वनिमुद्रित होतो का? होत असेल, तर तो गुणांत बदलण्याऐवजी नाशिकच्या किंवा सांगलीच्या आजीला पाठवता येईल का? आजी ऐकेल, 'घ'चा 'ग' झाला म्हणून हसेल आणि दोन वाक्ये बोलून परत पाठवील. मुलाला मराठी वाचल्याचा उपयोग कळेल आणि पुढचा उतारा कोणासाठी वाचायचा हेही कळेल. आजी रोज उत्तर देणार नाही, आणि ते ठीकच आहे.

जुईली

पाटीपेन्सिल सर, हे ॲप तयार झाले तर माझ्या भाच्यासाठी पहिली मागणी माझी. मात्र आजीला रोज आठवण करून देणारे नोटिफिकेशन घालू नका, नाहीतर तिचीही स्ट्रीक सुरू व्हायची!

रेघोटी

मी गेली काही वर्षे पुण्यात उत्पादनांच्या रचनेचे काम करते आणि स्ट्रीक, प्रगतीची पट्टी, बॅज हे सारे स्वतः घालत आले आहे. त्यामुळे बाजू घेण्यापेक्षा ही यंत्रे आतून कशी चालतात ते लिहिते. निर्णय त्यातूनच सुकर होईल.

प्रगतीची पट्टी आणि बॅज यांचा जोर ध्येय जवळ आले की वाढतो. नुनेस आणि ड्रेझ यांनी २००६ साली मोटारी धुण्याच्या एका केंद्रावर ग्राहकांना कार्डे वाटली होती. काहींच्या कार्डावर आठ शिक्के मिळवायचे होते, काहींच्या कार्डावर दहा, पण त्यांतले दोन आधीच मारलेले होते. दोघांनाही गाडी आठच वेळा धुवायची होती. तरी पहिल्या गटात १९ टक्के आणि दुसऱ्या गटात ३४ टक्के ग्राहकांनी कार्ड पूर्ण केले. नव्या वापरकर्त्याला 'तुमचे प्रोफाइल इतके टक्के पूर्ण झाले' असे पहिल्याच पडद्यावर का सांगितले जाते, त्याचे उत्तर येथे आहे. पण याची दुसरी बाजूही आहे. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरच्या नोंदी तपासून अँडरसन, हटेनलॉकर, क्लाइनबर्ग आणि लेस्कोव्हेक यांनी २०१३ साली दाखवले, की बॅज जवळ येऊ लागला की ज्या कामासाठी तो आहे ते काम लोक झपाट्याने वाढवतात, आणि बॅज मिळताच ते पुन्हा उतरते. म्हणजे बॅज वर्तन वळवतो, पण त्याचा ताबा बॅज मिळेपर्यंतच असतो. तो अशा कामाला लावावा, जे एकदा नीट केले की पुढे स्वतःच्या बळावर चालेल. 'जोडाक्षरे असलेला पहिला उतारा पूर्ण वाचला' याला बॅज शोभतो, 'शंभर सराव केले' याला शोभत नाही.

स्ट्रीकची गोष्ट वेगळी आहे, कारण ती कधी पूर्ण होतच नाही. सुरुवातीला ती मिळकतीसारखी वाटते आणि आकडा मोठा झाला की ती गमावण्याच्या भीतीवर चालू लागते. कानेमान आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले त्याप्रमाणे तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख अधिक असते. म्हणून लांबलेली स्ट्रीक तुटलेला वापरकर्ता शून्यावरून पुन्हा सुरुवात करण्याऐवजी पुष्कळदा निघूनच जातो. आम्ही ज्या एका उत्पादनावर काम केले, त्यात रोजच्या वापराचे आलेख सुरेख चढत होते, पण स्ट्रीक तुटल्यानंतरच्या आठवड्यात किती जण परततात हा आकडा बैठकीत कोणी मागतच नव्हते. अर्धविराम यांचा मुद्दा तेथेच लागू पडतो. चाचणीत तुम्ही एकच गोष्ट मोजणार असाल, तर ती मोजा.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि त्यांत अशा १३ प्रकारांची यादी दिली. नकार देणाऱ्याला लाजवणे, खोटी घाई निर्माण करणे, पुन्हा पुन्हा टोचत राहणे हे त्यांत आहेत. तुमचे ॲप काही विकत नाही, त्यामुळे कायद्याचा प्रश्न तुम्हाला बहुधा येणार नाही. पण 'आज आला नाहीस, तर वाघोबा रडेल' अशा धाटणीच्या सूचना लिहिण्याचा मोह सर्वांना होतो, तेव्हा ती यादी समोर ठेवावी. रडणारा प्राणी दाखवून मुलाला परत आणता येते, यात शंकाच नाही. मुलांच्या ॲपसाठी असे करणे मला व्यक्तिशः गैर वाटते.

लीडरबोर्डऐवजी तुलना हवीच असेल, तर मुलाची त्याच्याशीच करावी : दिवाळीत वाचलेला उतारा आणि संक्रांतीला वाचलेला तोच उतारा एकापाठोपाठ ऐकवावा. जमू लागल्याची जाणीव आकड्यापेक्षा कानाला आधी होते. गुणांचे म्हणाल, तर एकच सराव दुसऱ्यांदा केला की गुण निम्मे, तिसऱ्यांदा शून्य, आणि न झेपलेल्या सरावाच्या प्रयत्नालाही थोडे गुण, इतक्या बदलाने 'क'-'कमळ' थांबेल. पूर्ण थांबणार नाही. मुले नवी पळवाट शोधतात, आणि ती कोणती ते पाहत राहणे हेच आपले काम.

तिसरा_डोळा

रेघोटी, गुण निम्मे करण्यापेक्षा गुणच काढून टाकले तर?

रेघोटी

तेही चालेल. मात्र पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, अक्षरे अजून शब्द होत नसताना, मुलाच्या हाती दिसण्यासारखे काहीतरी लागते. मेक्लर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात गुण, पातळ्या आणि लीडरबोर्ड यांनी चित्रांना लावल्या जाणाऱ्या खुणशब्दांची संख्या वाढवली; त्यांचा दर्जा वाढला नाही आणि कामाची मुळातली आवड वाढलीही नाही, घटलीही नाही. ज्या टप्प्यावर केवळ घोकणे आवश्यक आहे, म्हणजे मुळाक्षरे आणि बाराखडी, तेथे संख्या वाढणे उपयोगाचेच आहे. उतारे सुरू झाले की गुण पडद्यावरून नाहीसे करावेत.

अर्धविराम

सर्वांचे आभार. पालकांच्या बैठकीत हा धागा वाचून दाखवला आणि बहुतेक गोष्टींवर एकमत झाले. लीडरबोर्ड नसेल. गुण बाराखडीपर्यंतच राहतील. रोजच्या स्ट्रीकऐवजी आठवड्यातून कोणतेही तीन दिवस असे मोजमाप राहील, आणि एखादा आठवडा रिकामा गेला तरी आधीचे आठवडे पुसले जाणार नाहीत. ध्वनिमुद्रण आजी-आजोबांना पाठवण्याची सोय सर्वांना आवडली. तिच्यासाठी आजोबांच्या फोनवर वेगळे ॲप लागू नये, साध्या दुव्यावर ऐकता आणि बोलता यावे, यावर काम सुरू केले आहे.

एक अडचण मात्र शिल्लक आहे. चाचणी आवृत्ती वापरणाऱ्या काही मुलांची रोजची स्ट्रीक बरीच लांबली आहे आणि त्यांना तिचा अभिमान आहे. नव्या आवृत्तीत ती एकदम दिसेनाशी झाली, तर ती मुले हिरमुसतील. गिटहबसारखे करावे का?

यंत्रगावकर

गिटहबसारखे करू नये. तेथे नाराजी उमटली ती बरीचशी न सांगता काढल्यामुळे, आणि तेथले वापरकर्ते प्रौढ होते. मुलांना आधीच्या रविवारी वर्गात सांगावे, की अमुक तारखेपासून मोजण्याची पद्धत बदलणार आहे. त्या दिवशी ज्याचा जो आकडा असेल, तो त्याच्या पानावर तारखेसह कायमचा ठेवावा. तो वाढणार नाही आणि तुटणारही नाही. शक्य असल्यास निम्म्या मुलांना नवी पद्धत दोन आठवडे आधी द्यावी आणि कोण किती दिवस येतो याबरोबर कोण कोणता सराव उघडतो, हेही पाहावे. लांब स्ट्रीक असलेली मुले नव्या पद्धतीत आठवड्यातून पाच-सहा दिवसांवरून तीन दिवसांवर आली, तर घाबरून जुनी पद्धत परत आणू नये. त्या तीन दिवसांत जोडाक्षरांचा सराव किती वेळा उघडला गेला, तो आकडा आधी पाहावा आणि तो येथे जरूर कळवावा.